पिशवीतलं पुस्तक कुणाचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. आमचा अकरा जणींचा गट आहे. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला पाळीपाळीनं एकीच्या घरी जमतो. कुणी क्रोशा करतं, कुणी स्वेटर विणतं, दोघी-तिघी गोधड्या शिवतात. तीन वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीला कादंबरी वाचायला दिली, तिनं मला एक दिली, मग सगळ्याच आणायला लागल्या. शेवटी एकीनं जुन्या पडद्याची मोठी पिशवी शिवली. वाचून झालेली कादंबरी त्यात टाकायची, हवी ती घ्यायची. आता पिशवीत चाळीसेक पुस्तकं आहेत.

यंदा चैत्रात मी त्याच मैत्रिणीला माझ्या आईची एक कादंबरी दिली. पहिल्या पानावर मामाच्या अक्षरात आईचं नाव आणि 'भाऊबीज, १९७४' असं लिहिलेलं आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली. मैत्रिणीनं ती वाचली आणि पिशवीत टाकली. तिथून गटात नव्यानं आलेल्या मुलीनं नेली आणि तिच्या सिन्नरच्या जाऊबाईंना वाचायला दिली. मी विचारलं तर मैत्रीण म्हणाली, "पिशवीत गेलं की सगळ्यांचं, असंच आहे ना आपलं?" मी म्हटलं, "मी पिशवीत टाकलंच नव्हतं, तुझ्या हातात दिलं होतं." शब्दानं शब्द वाढला. आता ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसते. नव्या मुलीला तर यातलं काही माहीतच नाही.

बाकी बारीकसारीक कुरबुरी आहेतच. पानांवर हळदीचे डाग, पाठी सुटलेल्या. पिशवी इतकी जड झाली आहे की दर गुरुवारी ती न्यायची कुणी यावर वाद. कुणी हलकीफुलकी प्रेमकथा आणली की दोघी नाक मुरडतात. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, पिशवी उघडली की त्या गप्प होतात. पिशवी बंदच करावी का? आणि माझं पुस्तक मी मागू तरी कसं? एका जुन्या पुस्तकासाठी मैत्री घालवतेस, असं घरचे म्हणतात.

तुमची एक वाचक, इंदिरानगर

नमस्कार.

घरचे काय म्हणतात ते आधी बाजूला ठेवू. ती कादंबरी दुकानात कदाचित आजही मिळेल. भाऊबीजेची प्रत मिळणार नाही. मामानं बहिणीसाठी निवडलेलं, तिनं आयुष्यभर सांभाळलेलं पुस्तक आहे ते. तेव्हा मागायचं. आणि लगेच मागायचं, कारण अजून ते कुठं आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर एकवीस वर्षं बसले. तिसऱ्या हातात गेलेलं पुस्तक आम्ही नेहमी शोधून आणायचो. पाचव्या हातात गेलेलं क्वचितच मिळायचं, कारण तोवर पहिल्या दोघांना आपण ते कुणाला दिलं हेच आठवत नसे.

आता मैत्रिणीबद्दल. ती खोटं बोलत नाही. तुम्ही पुस्तक देताना काय म्हणालात ते पत्रात नाही, पण बहुतेक "वाच, छान आहे" एवढंच म्हणाला असाल. आपण सगळ्या तेवढंच म्हणतो. साडी दिली, किल्ली दिली, पुस्तक दिलं, शब्द एकच. कुठली वस्तू परत यायची आणि कुठली नाही, हे ऐकणारीनं ओळखायचं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: तुमची दोघींची देवघेव पिशवीच्या आधीपासूनची आहे. तुमच्या मनात ती तशीच राहिली, दोघींपुरती, हातातून हातात. तिच्या मनात मधल्या तीन वर्षांत सगळीच पुस्तकं पिशवीची झाली. तुमच्या हातून आलेलं मागचं पुस्तकही तिनं वाचून पिशवीतच टाकलं असेल आणि तेव्हा तुम्हाला काही वाटलं नसेल. मग या वेळी वेगळं वागायचं, हे तिला कळणार कसं? पहिल्या पानावरचं अक्षर तिनं पाहायला हवं होतं, हे खरं. पण ज्यांना कादंबरीत शिरायची घाई असते त्या पहिलं पान उलटून थेट पहिल्या प्रकरणावर जातात.

माझ्याकडून नेमकं हेच घडलं आहे. शेजारच्या वहिनींनी मला एक कादंबरी दिली. मी दोन रात्रींत संपवली आणि वसतिगृहात राहायला निघालेल्या माझ्या भाचीच्या बॅगेत घातली. दीड महिन्यानं वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, "नवी आणून देते." आणून दिली, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून. त्यांनी घेतली, "कशाला गं एवढं" म्हणाल्या आणि आत जाऊन कपाटात ठेवली. उघडूनही पाहिली नाही. तेव्हा मला आठवलं की त्यांच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीनं काही काही लिहिलेलं होतं. कॉलेजात असताना त्यांनीच लिहिलेलं. मी ते वाचलं होतं, मला ते आवडलंही होतं, आणि तरी मी पुस्तक देऊन टाकलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत भाची ते घेऊन आली. चार खोल्यांत फिरलं होतं, वरचं वेष्टण गेलं होतं, एक कोपरा चहानं फुगला होता. वहिनी ओट्याशी उभ्या राहून एकेक पान उलटत फक्त समास बघत होत्या. सगळं जागेवर आहे असं दिसल्यावर त्यांनी मला तिथंच बसवून चहा केला. त्या दिवसापासून "नवं आणून देते" हे वाक्य मी कुणाला म्हटलेलं नाही. तुमच्या मैत्रिणीनं किंवा त्या मुलीनं तसं म्हटलं तर रागावू नका. पण शांतपणे सांगा की नवं नको, तेच हवं.

बोलायचं कसं? गुरुवारी गटात बोलू नका. दहा जणींसमोर कुणी "माझं चुकलं" म्हणत नाही, आणि तुम्हालाही म्हणता येणार नाही. मैत्रिणीच्या घरी जा. सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करा, कारण ती खरंच झाली आहे: "अगं, देतानाच सांगायला हवं होतं मी. ते आईचं आहे, मामानं दिलेलं. मला ते परत हवंय. शोधायला माझ्यासोबत चल." शेवटचं वाक्य गाळू नका. माफी मागायला लावलं की माणूस दाराशीच थांबतो, मदत मागितली की आत येतो. नव्या मुलीला फोन मैत्रिणीनं करावा, तुम्ही करू नये. ती गटात नवी आहे, तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला तक्रार वाटेल. तिनं काहीच वावगं केलेलं नाही. पिशवीतली कादंबरी घेतली, आवडली म्हणून जाऊबाईंना दिली. पिशवी त्यासाठीच होती.

पिशवी बंद करू नका. तिच्यात एक गोष्ट कमी आहे आणि ती तुम्हा सगळ्यांना हातानं माहीत आहे. दुपारी कुणी म्हणालं, "अगं, थोडी पांढरी लोकर दे ना, काठ पुरा होत नाहीये," तर तुम्ही उरलेला गोळा काढून देता आणि विसरून जाता. पण त्याच बाईनं तुमची अडीच एमएमची क्रोशाची सुई मागितली, तुमच्या बोटांना सवय झालेली, तर देता, आणि ती उठायच्या आत परत घेता. दोन्ही वेळा ती "दे ना" एवढंच म्हणते. तरी लोकर आणि सुई यात तुमच्या गटात आजवर कधी गल्लत झाली नसेल. कादंबऱ्यांतही लोकर आहे आणि सुई आहे. तुमच्या पिशवीत दोन्ही एकत्र पडली आहेत.

तेव्हा एकदा सगळ्यांनी बसून तोंडानं बोलून घ्या. पिशवीत टाकलेली कादंबरी म्हणजे लोकर. टाकली, सुटली. ती सिन्नरला जावो, पुण्याला जावो, कुणाच्या सुनेकडे राहो, टाकणारीनं पुन्हा विचारायचं नाही. जिला हे जमणार नाही तिनं ती पिशवीत टाकू नये. हातात दिलेली कादंबरी म्हणजे सुई. ती ज्या हातातून आली त्याच हातात परत जाईल, मधे पिशवी नाही, जाऊबाई नाहीत. आणि काही पुस्तकं या दोन्हींत बसत नाहीत. आईची भाऊबीज घराबाहेर जाऊ नये. कुणाला वाचायचीच असेल तर तुमच्या घरी येऊन, तुमच्या खुर्चीत बसून वाचू दे. मी हे कोरडेपणानं सांगत नाहीये. वाचनालयातसुद्धा काही ग्रंथ घरी नेता येत नाहीत, तिथंच बसून बघावे लागतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

हातातलं पुस्तक ओळखायचं कसं? तुमच्या गटाला शोभेल असा उपाय सुचतो. प्रत्येकीनं एक रंग निवडावा आणि त्या रंगाच्या सुती दोऱ्याची वीतभर साखळी घालून, टोकाला छोटा गोंडा लावून, दोन-तीन खुणेच्या दोऱ्या करून ठेवाव्यात. मैत्रिणीला पुस्तक देताना आपली दोरी पानांत घालून द्यायची. दोरी असलेल्या पुस्तकाला मालकीण आहे. वाचणारीलाही खूण मिळते, पानं दुमडायचा प्रश्न मिटतो. एवढंच बघा की साखळी बारीक दोऱ्याची, सपाट हवी. लोकरीची जाड दोरी किंवा खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके, घातलेली पट्टी महिनाभर पानांत राहिली तर पाठ उघडी पडते. आणि लाल, जांभळा दोरा आधी धुऊन रंग जातो का ते पाहा. नाशिकच्या पावसात दमट पानावर कच्चा लाल रंग उतरला की तो निघत नाही. दोरी सरकून पडू शकते, म्हणून नाव पेन्सिलीनं आतल्या बाजूला लिहाच.

पिशवीसाठी एक वही ठेवा. शंभर पानी पुरे. पुस्तकाचं नाव, टाकणारी, नेणारी, तारीख. परतीचा रकाना नको, परत येणं तिथं बंधनकारकच नाही. पण बाहेर कुणाला दिलं तर एक ओळ लिहायची: 'सिन्नर, जाऊबाई'. एवढ्या एका ओळीवर आम्ही वाचनालयात हरवलेली पुस्तकं शोधायचो.

इथं एक बाजूचं सांगते, कारण हे तुमच्याही गटात येईलच. कुणीतरी कादंबरीचं पीडीएफ फोनवर पाठवेल आणि म्हणेल, पिशवीचं ओझंच नको. ते करू नका. विकत घेतलेली छापील प्रत तुम्ही कितीही जणींना द्या, त्यात गैर काही नाही, ती प्रत तुमची आहे. पण नवी नक्कल करून वाटणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं राहतो. तुमच्यापैकी कुणी क्रोशाचे स्वतःचे नमुने काढून विकत असेल तर तिला विचारा, तिचा नमुना फुकट फिरताना दिसला तर कसं वाटतं. कादंबरी लिहायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात.

आता पुस्तकांच्या तब्येतीबद्दल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं तुमच्याइतका हा गुण कुणाच्या हातात नाही.

हळदीचे डाग आधी. कपड्यावरची हळद उन्हात विरते हे आपल्याला माहीत असतं, म्हणून बायका पुस्तकही गच्चीवर ठेवतात. डाग फिका होईल, पण कागद पिवळा पडेल आणि पाठीचा डिंक तडकेल. डाग राहू द्या. यापुढं वाचताना शेजारी ताट नको, एवढंच ठरवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती तपकिरी पडते, सुटते आणि चिकटपणा कागदात राहतो. पातळ जपानी कागद किंवा तो नसेल तर साधा पातळ कागद आणि मैद्याची पातळ खळ, अगदी कमी, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्यायचं. खळ जाड लावली तर किड्याला मेजवानी.

कसर म्हणतो आपण, लोकरीला लागते तिलाही आणि पुस्तकाला लागते तिलाही, पण दोन्ही वेगळ्या. लोकरीला लागणारी अळी पतंगाची, ती लोकरच खाते. पुस्तकातला चंदेरी, सुळकन पळणारा किडा खळ, पिष्ट आणि कागदाचा वरचा थर खातो. दोघांनाही अंधार आणि दमटपणा आवडतो. तुमची पडद्याची पिशवी पावसाळ्यात फरशीवर ठेवलेली असेल तर ती आत्ताच उचला. वर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पुस्तकं आणि लोकर एका पिशवीत नको. एखाद्या पुस्तकात किडा दिसलाच तर ते हवा काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि फ्रीजरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, एक दिवस तसंच राहू द्या, नाहीतर पानांवर दव धरतं. भिजलेलं पुस्तक असेल तर पंख्याखाली उभं करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवा, मधे मधे टिपकागद घाला. इस्त्री नको.

आणि सुटलेल्या पाठी. पत्रात तुम्ही अर्ध्या ओळीत उल्लेख केलात, पण मला तो वाचून आनंदच झाला, कारण हे काम तुमचं आहे. नव्या कादंबऱ्या बहुतेक नुसत्या डिंकानं चिकटवलेल्या असतात, पान सुटलं की सुटलं. जुन्या पुस्तकांत मात्र जुजबंदी असते. सोळा पृष्ठांचा एकेक फर्मा दुमडून त्याच्या घडीतून दोऱ्यानं शिवलेला. पुस्तक उघडून फर्म्याच्या अगदी मध्यावर या, दोरा दिसतो. तो तुटला की ती सोळा पृष्ठं एकदम हातात येतात आणि आपल्याला वाटतं पुस्तक संपलं.

आमच्या वाचनालयात बांधणी करणारे एक काका यायचे. त्यांच्याकडून मी हे पाहून शिकले. सुती दोरा मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढून घ्यायचा, म्हणजे तो गुंतत नाही. नायलॉनचा नको, तो कागद कापतो. सुई बारीक, पण टोक फार तीक्ष्ण नको. नवी भोकं पाडायची नाहीत, जुनी भोकं घडीत असतातच, उजेडाकडे धरली की दिसतात. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, घडीच्या आतून थेट खालच्या भोकापाशी, तिथून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन आतच गाठ मारायची. टाका ओढताना घडीच्या रेषेत ओढायचा, वर उचलून नाही. वर ओढला की कागद चिरतो. मग तो फर्मा पाठीत बसवून अगदी पातळ खळ आणि वर वजन. काका हे करताना तोंडानं पुटपुटायचे, "आत, बाहेर, आत." तुमच्यातल्या गोधडी शिवणाऱ्या धावदोरा घालताना ज्या लयीत असतात तीच ती लय. मी तीन वेळा कागद चिरला, चौथ्यांदा जमलं. तुमच्यातल्या गोधडीवाल्यांना पहिल्यांदाच जमेल. महिन्यातला एक गुरुवार फाटक्या पुस्तकांचा ठेवा. मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसते म्हणालात. फर्मा शिवताना एकीनं पुस्तक धरावं लागतं.

ओझ्याचं सांगते. चाळीस कादंबऱ्या, साडेतीनशे ग्रॅमच्या धरल्या तरी चौदा किलो होतात. एवढं कुणी दर आठवड्याला का वाहावं? पिशवीत बारा ठेवा, बाकीच्या एकीच्या घरी, दर महिन्याला बदला. आणि तरीही सगळ्यांच्या सगळ्या वाचून झाल्या की मग खरा मार्ग आपल्या नाशिकनंच दाखवला आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेला 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम तुम्ही ऐकून असाल. पुस्तकांची पेटी एका गटाकडे जाते, गट वाचतो, मग पेट्या आपसांत बदलतात. नाशिकहून निघालेल्या त्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचल्या. तुम्ही तेवढं मोठं काही करायला नको. पंचवटीत किंवा नाशिकरोडला विणकाम करणाऱ्यांचा एखादा गट तुमच्यापैकी कुणाच्या तरी ओळखीचा असेलच. तुमच्या बारा, त्यांच्या बारा, तीन महिन्यांसाठी. वही सोबत द्या.

उरलेली पुस्तकं वाचनालयाला देऊ, असं कुणी म्हणेल. १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय असो की तुमच्या भागातलं छोटं, आधी विचारून जा, यादी दाखवा. देणगीत आलेल्या पुस्तकांत एकाच कादंबरीच्या पाच-पाच प्रती असायच्या आणि त्या ठेवायच्या कुठं हा आमचा रोजचा प्रश्न असायचा. पानं गळलेली, किडीनं चाळण झालेली रद्दीत गेली तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रेमकथेवर नाक मुरडणाऱ्या दोघींना माझा निरोप द्या. देवघेवीच्या खिडकीवर मी एकच गोष्ट बघायचे: बाई पुन्हा आली का. हलक्याफुलक्या कादंबऱ्या नेणाऱ्या भर पावसात छत्री सांभाळत यायच्या, पुस्तक पदराखाली धरून. दिवसभर घर, सासर, आजारपण ओढणाऱ्या बाईला रात्री दहा वाजता काय वाचावंसं वाटतं ते तिला ठरवू दे.

मावशींचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य तेच. पिशवी उघडली की त्या गप्प होतात. तुम्ही त्यांना पुस्तक देऊ शकत नाही, पण कादंबरी देऊ शकता. श्रावणात आपल्याकडे पोथी कशी वाचतात आठवा. एक वाचते, बाकीच्या वाती वळत ऐकतात. हात रिकामे नाहीत, कान रिकामे आहेत. केरळात कन्नूरकडच्या विडी कारखान्यांत कामगार विड्या वळायचे आणि एक जण त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. तुमच्या दोन तासांतली पहिली वीस मिनिटं एक कादंबरी मोठ्यानं वाचा, दर गुरुवारी एक प्रकरण. वाचणारीचा राहिलेला टाका शेजारणीनं घालावा. पुस्तक मावशींना निवडू द्या. त्यांनी तरुणपणी वाचलेलं, पुन्हा ऐकावंसं वाटणारं एखादं असेलच, विचारून बघा. आणि मोतीबिंदूचं डॉक्टरांना दाखवलं आहे का, हेही कुणीतरी प्रेमानं विचारा. शस्त्रक्रियेनंतर खूप जणी पुन्हा वाचायला लागतात.

आता सिन्नर. फोनवर पुस्तक मिळालं आणि मुलगी घेऊन येते म्हणाली, तर प्रश्नच नाही. पण जमलं तर तुम्ही आणि मैत्रीण मिळून जा. तीसेक किलोमीटर, एसटीनं सकाळी गेलात तर दुपारच्या आत परत. सोबत नव्या मुलीलाही घ्या. जाऊबाईंच्या दारात रिकाम्या हातानं उभ्या राहू नका, पिशवीतली एक चांगली कादंबरी त्यांच्यासाठी न्या, वहीत नोंद करून. आणि आईच्या पुस्तकात त्या मधेच कुठंतरी असतील, समजा दोनशेव्या पानावर, तर ते हातातून काढून घेऊ नका. आईच्याच पुस्तकाची वाचक आहे ती. पहिलं पान उघडून मामाचं अक्षर त्यांना दाखवा, तुमची खुणेची दोरी त्यांच्या पानावर घाला आणि किती दिवसांत संपेल ते विचारून तेवढे दिवस थांबा.